कापलेल्या तारा

"हा लग बरोबर बसेल ना?" केबलीच्या टोकाला दाबून बसवायची तांब्याची टोपी हातात घेऊन बोटमालकाने विचारलं.

"बसेल," वायरमन म्हणाला आणि अंगठ्याएवढ्या जाड केबलचं टोक सोलू लागला. आतली एकही तार तुटू नये म्हणून तो पातं हलक्या हाताने फिरवत होता. मागच्या वेळी एवढी काळजी घेतली असती तर!

दोन महिन्यांपूर्वी याच बोटीच्या बॅटरीजवळ आग लागली. इंजिनची खोली जळाली. माणसं वाचली हेच नशीब. त्याच संध्याकाळी त्याचे सासरे धक्क्यावर आले आणि चारचौघांत म्हणाले, "काम माझं होतं. चूक माझी." चाळीस वर्षांत कमावलेलं नाव दोन वाक्यांत मातीत मिळालं. तेव्हापासून म्हाताऱ्याला कुणी साधा दिवा बसवायला बोलावलं नाही. ते दिवसभर खिडकीशी बसून असत.

आणि त्या केबलींना लग लावले होते ते जावयाने. लग एक नंबर लहान निघाले होते. पुन्हा दुकानात कोण जाणार, म्हणून या शहाण्याने केबलीच्या पाव भाग तारा कापल्या, उरलेल्या लगात कोंबून दाबल्या आणि वर काळी रबरी स्लीव्ह चढवली. बाहेरून काम कसं, बघत राहावं असं! सासऱ्यांनी दोष अंगावर घेतला तेव्हा तो त्यांच्या शेजारीच उभा होता, मूग गिळून. घरी तो त्यांच्यासमोर जेवायला बसणं टाळायचा.

त्याने नवा लग लिव्हरच्या पकडीत दाबला आणि जोर लावून ओढून पाहिला. तसूभरही हलला नाही.

"वा, जावईबापू! सासऱ्यांच्या तालमीत तयार झालात ते दिसतंय हो."

वायरमनने पकड खाली ठेवली.

"मालक, तुमची बोट मी जाळली," तो म्हणाला आणि थांबला नाही. लहान लग, कापलेल्या तारा, स्लीव्ह, सगळं ओकला. "मामांनी माझं पाप अंगावर घेतलंय. उद्या धक्क्यावर सगळ्यांना सांगतो. त्यांचं काम त्यांना परत मिळायला हवं."

मालकाने फडक्याला हात पुसले.

"नका सांगू."

"का?"

"तुमच्या केबली जळल्याच नाहीत. आठ दिवसांत तापायला लागल्या, म्हणून मी मामांना बोलावलं. त्यांनी स्लीव्ह कापून पाहिली, चकार शब्द काढला नाही. तुमच्या काढल्या आणि नव्या स्वतः करून लावल्या. जळल्या त्या त्यांच्या."

"मामांच्या हातून? शक्यच नाही."

"डोळ्यांना धड दिसत नव्हतं हो त्यांना. लग चाचपून बसवत होते. मी म्हटलं, थांबा, जावयाला बोलावतो. तर म्हणाले, 'नको, उगाच लाजेल बिचारा.'"