बायडीच्या मुठीतला आकडा

साहेब, तुम्ही खोटं बोललात. उमरोळीमागची गंजलेली पाइपलाइन पुरती उकरून नेली, जमीन मोकळी झाली, असं लिहून वर माझी सही मागता?

गंज मोजणं हे माझं काम. तपासणीच्या खांबातून जमिनीत उतरलेली वायर मी मीटरला जोडली आणि मीटरच्या दुसऱ्या टोकाची, मोरचुदाच्या निळ्या पाण्याची नळी ओल्या मातीत रोवली. खाली काहीच नसेल तर आकडा शून्याच्या आसपास भरकटतो. हा उणे सहाशे मिलिव्होल्टवर ठाम होता. गंजणाऱ्या लोखंडाचा आकडा.

बाजूच्या विहिरीवर बायडी पाणी भरत होती, पोर कडेवर. तिला म्हटलं, "ही वायर ओढ गं जरा."

"तुजे हात काय मीटरला चिकटलंत, दादा?" ती हसली आणि तिनं ओढली. कापलेलं टोक अलगद वर, तिच्या मुठीत आलं; खाली पाइप नव्हताच. आकडा हलला नाही.

"सोड."

तिनं सोडलं. शून्य.

मी धरलं. शून्य.

तिनं पुन्हा धरलं. उणे सहाशे.

"काय झाला, दादा?"

मी मीटरवर टिचकी मारून पाहिली. तिनं गंमत म्हणून ते टोक पोरीच्या मुठीत दिलं. उणे सहाशे.

साहेब, या विहिरीचं पाणी पिणाऱ्या या दोघींच्या अंगात काय गंजतंय? उत्तर द्या.