सातव्या दशांशापर्यंत

सर वारल्यावर त्यांच्या शोधनिबंधातला आकडा कुणाच्याच संगणकावर जुळेना. "थापच होती ती," असं विद्वान बोलू लागले, तेव्हा सरांची विद्यार्थिनी त्यांच्या पत्नीकडे, काकूंकडे धावली. सरांचा लॅपटॉप धापा टाकत सुरू झाला. तिनं जुनाच प्रोग्रॅम चालवला. आकडा सातव्या दशांशापर्यंत जसाच्या तसा आला. तिचा जीव भांड्यात पडला. "काकू, यातलं सॉफ्टवेअर तेव्हाचंच आहे, म्हणून जुळलं!" "असणारच. तीन वर्षं रोज सकाळी अपडेट करू का विचारतोय, मी नको म्हणते. दवाखान्यात जाताना हे बजावून गेले होते, मी येईपर्यंत काही बदलू नकोस." विद्यार्थिनीनं लॅपटॉपमधल्या सगळ्याची हुबेहूब प्रत काढली, तिच्यावर तोच आकडा आता कुणालाही मिळणार होता. "सर खरे ठरले, काकू. आता खुशाल अपडेट करा." काकूंनी झाकण अलगद मिटलं. "राहू दे गं. उद्या विचारेलच की."