अर्धं लाकूड

"खरं सांग, टाकीत घालायच्या लाकडाचा चांगला तुकडा स्वतःला ठेवलास ना?" शलाकाने धाकट्या जावेला विचारलं. जावेच्या काचेच्या टाकीतलं पाणी चहासारखं तांबूस होतं आणि त्यात फायटर माशाची पिल्लं वळवळत होती. शेजारीच शलाकाच्या टाकीतल्या आरशासारख्या पाण्यात मात्र याही वेळी अंड्यांना बुरशी आली होती.

"एकाच मुळाचे दोन तुकडे केले, वहिनी." जावेने शलाकाच्या टाकीतलं लाकूड काढून हुंगलं. "हे धुतलंत का?"

"चांगलं उकळलं! पाणी नितळ निघेपर्यंत. तुझ्यासारखी घाण चालत नाही मला."

"अहो, त्या रंगासाठीच लाकूड घालतात. त्यातलं टॅनिन पाणी किंचित आंबट करतं, मग बुरशी धरत नाही. तुम्ही ते सगळं मोरीत ओतलंत."

जावेने आपल्या टाकीतलं लाकूड काढून तिच्यापुढे धरलं. "घ्या. माझ्या पाण्यात टॅनिन पुरेसं उतरलंय, यात अजून बाकी आहे."

तांबूस थेंब फरशीवर ठिबकले. शलाकाचा हात सवयीने फडक्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तिने लाकूड घेतलं.

"माझी पिल्लं तुझ्यापेक्षा जास्त होतील, बघ," ती म्हणाली.