कुलपातली फळी

पडद्यावर मित्सुए फलाटावर येताना दिसली आणि तोगावा पडद्याकडे झुकला. आज ती यायची नव्हती. तिला व्हीलचेअरवरून गाडीत चढायचं, तर आदल्या दिवशी कळवावं लागे. मग मोठ्या स्टेशनातून माणूस येऊन दाराशी उतरती फळी टाकी. मिझुनोसे स्टेशनावरचा शेवटचा माणूस वसंतात हलवला, तेव्हापासूनचा हा नियम.

तो शेवटचा माणूस म्हणजे स्टेशनमास्तर तोगावाच. इतकी वर्षं तिची फळी त्यानंच टाकली होती. आता तो शहरातल्या एका बंद खोलीत बसून अशा कितीतरी ओस स्टेशनांचे पडदे बघत असे.

फलाटावरचं बटण तिनं दाबलं. खोलीत घंटा वाजली. तोगावानं घसा साफ करून आवाज सपाट केला. तिच्याशी तो नेहमी असाच बोले. नाही म्हणणारा माणूस आपणच आहोत हे तिला कळू नये, एवढीच त्याची धडपड.

"मदत केंद्र. बोला."

"हॉस्पिटलातून फोन आला. आईचं काही खरं नाही, लगेच या म्हणाले. आत्ताच्या गाडीनं जायला हवं."

"पूर्वसूचना नसल्यास..."

"ठाऊक आहे हो. पण फळी इथंच आहे ना, कपाटात."

"कपाटाला कुलूप आहे."

ते कुलूप त्यानंच लावलं होतं, आणि किल्ली मोठ्या स्टेशनात जमा केली होती.

त्यानं दुसरा फोन उचलला. मोठ्या स्टेशनातला माणूस लगेच निघाला, पण पोचायला तास तरी लागणार होता. गावात व्हीलचेअर चढेल अशी एकच टॅक्सी, तीही बाहेर गेलेली.

गाडी आली. दुपारची गाडी, आत चार म्हातारी माणसं. दोन शाळकरी मुली उतरल्या. मित्सुएकडे बघून त्या थबकल्या आणि दप्तरं खाली टाकून दोन्ही बाजूंनी खुर्ची उचलू लागल्या. बॅटरीची खुर्ची ती, जागची हलेना.

"राहू द्या गं," मित्सुए म्हणाली. "पाठ धरेल तुमची."

चालकानं खिडकीतून डोकं काढलं. गाडीवर कर्मचारी असा तो एकटाच होता. गाडी सोडून खाली उतरायची त्याला मुभा नव्हती. तो तिच्याकडे बघून माफी मागत खाली वाकला, बराच वेळ वाकून राहिला. मग दारं लागली.

तोगावा उठून उभा राहिला होता. उभं राहून करायचं काय, ते त्याला सुचेना. तिच्या मफलरच्या गोंड्यापर्यंत सगळं पडद्यावर दिसत होतं.

"निवेदन द्या, तोगावासान," शेजारचा साहेब हळूच म्हणाला.

तो बसला. "गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पुढील गाडी तासाभराने येईल. कर्मचारी मदतीसाठी निघालेले आहेत."

मुली गेल्या. फलाट रिकामा झाला. मित्सुए रुळांकडे बघत राहिली. मग तिनं खुर्ची वळवली आणि भिंतीवरच्या, त्याचा आवाज येणाऱ्या डब्याच्या अगदी जवळ आणली.

"मास्तर," ती म्हणाली, "गाडी येईपर्यंत तुमच्या नेहमीच्या आवाजात बोला ना माझ्याशी. मला भीती वाटतेय."