घासलेला समुद्र

गुळगुळीत चित्र दाखवलं की ढोबळेसाहेबांना विभागप्रमुखाची खुर्ची मिळणार होती. रडार उपग्रहाच्या चित्रात खोटे पांढरे दाणे येतातच. ते साहेबांनी इतके पुसले, की समुद्र नव्या पाटीसारखा काळाकुळकुळीत झाला. वादळात हरवलेली मच्छीमार नौका त्यात कुठेच दिसेना. शोध थांबवायला एवढं पुरेसं होतं.

"साहेब, फार घासलं की भांड्यावरचं नावही जातं," त्यांच्या हाताखालची नूतन म्हणाली. तिने सकाळ-संध्याकाळची मूळ चित्रं एकावर एक ठेवली. "खोटे दाणे जागा बदलतात. हा बघा, हललेला नाही. नांगर टाकून बसलेत बिचारे."

"आणि नसले तर? माझं हसं होईल."

"होईल की."

बैठकीत साहेबांनी दाणेदार चित्रच लावलं. "रव्याचे लाडू वळताय का?" संचालक म्हणाले. सगळे हसले. साहेबही हसले, पण शोध चालू ठेवण्याच्या आदेशावर सही घेऊनच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी नौका ओढून बंदरात आणली. सहाही जण धडधाकट. खुर्ची त्याच बैठकीत गुळगुळीत चित्र दाखवणाऱ्या सहकारी बोडसांना मिळाली. पेढे मात्र ढोबळेसाहेबांनी वाटले, आणि नूतनला पैसे देऊ दिले नाहीत.