झुकतं माप

"बाविसाच्या वर नको, असं ऑर्डरमध्ये स्वच्छ लिहिलंय, काका," सादिया म्हणाली. तिनं तिसरा स्पिंडलही बाजूला ठेवला. हार्डनेस मोजणाऱ्या यंत्राचा काटा एकोणतिसावर थांबला होता.

अमृतरावांना हसू आलं. लातूर एमआयडीसीत तीस वर्षं व्हॉल्व्हचे स्पिंडल, म्हणजे चाकाखालचे दांडे, घडवणाऱ्या माणसाला ही कालची पोर स्टील शिकवत होती. माल तपासायला निलंग्याच्या गॅस प्लांटला दुसरं कुणी मिळालं नसावं. पायात झिजलेली चप्पल, खांद्याला कापडी पिशवी. पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवायला भंगाराचा तुकडासुद्धा घरून आणलेला! आणि हिच्या एका सहीसाठी दोनशे स्पिंडल भरलेला टेम्पो फाटकात अडला होता.

अमृतरावांच्या वडिलांचं उदगीरला किराणा दुकान होतं. पारडं गिऱ्हाइकाकडं झुकल्याशिवाय ते पुडी बांधत नसत. लेकानं कारखान्यातही तीच रीत चालवली होती: मागितल्यापेक्षा माल कडकच द्यायचा.

"जास्तीचं दिलं म्हणून रडणारं गिऱ्हाईक आजच बघायलोय, मॅडम." त्यांनी स्पिंडलवर हातोडा हाणला. खणकन आवाज आला. ओरखडाही उठला नाही. लेथवरची माणसं खुसखुसली. "बघितलं? लई कडक माल हाय."

"तिथं हातोडा नसतो, काका. गंधकाचा गॅस असतो. त्यात बेताचं कडक स्टील टिकतं. जास्त कडक असलं की आतून तडकतं, अन् वरून दिसत न्हाई."

"पुस्तकातलं नका सांगू. जन्मात कधी व्हॉल्व्ह फिरवलाय का हातानं?"

"मी न्हाई. अब्बा फिरवायचे."

"मग घरी जाऊन त्यांनाच विचारा." अमृतरावांनी पेन तिच्यापुढं आपटलं. सहीचा कागद ओढण्यासाठी वरचा तुकडा उचलला आणि भंगाराच्या डब्याकडं हात उगारला.

हात तिथंच थांबला. तो अर्धा स्पिंडल होता. कुठं वाकलेला नाही, काकडी मोडावी तसा सरळ मोडलेला. टोकाला नंदीचा छाप होता. अख्ख्या लातुरात तो छाप फक्त त्यांच्याच कारखान्यात मारत.

"अब्बांची मय्यत प्लांटमधून बाहेर काढली, तेव्हा व्हॉल्व्हचं चाक मुठीतच होतं. हा तुकडा त्या चाकाला होता," सादिया म्हणाली. "मी मोजला, काका. एकतीस भरला. तेव्हाही तुम्ही जास्तीचंच दिलं होतं."