आडवळणाचा सलाम

आईचं शिवणयंत्र धाकट्या बहिणीने न विचारता कुणाला तरी देऊन टाकलं, त्या दिवसापासून तिच्यापुरतं आपाच्या तोंडाला कुलूप होतं. सलामाला तेवढं उत्तर द्यायची, कारण ते न देणं गुनाह. पुढे अवाक्षर नाही.

आपा रोज सकाळी बागेतल्या चक्रव्यूहात फिरायची. डोक्याएवढ्या उंच झुडपांमधून एकच वाट वळत वळत मध्यापर्यंत जायची, आणि त्याच वाटेने परत यायचं. एके दिवशी धाकटी तिच्या मागोमाग शिरली. आपा तरातरा पुढे गेली, वळणाआड दिसेनाशी झाली. धाकटीने तिला गाठलं.

"अस्सलामु अलैकुम, आपा."

"वालेकुम सलाम."

पुढच्या वळणाआडही तेच. "अस्सलामु अलैकुम, आपा."

आपाने वळून डोळे वटारले.

"अब्बांचीच शिकवण आहे. मध्ये झाड किंवा भिंत आडवी आली, की पुन्हा भेटल्यावर पुन्हा सलाम. आता इथे झाडंच फार, त्याला मी काय करू?"

"वालेकुम सलाम," आपा दातओठ खात म्हणाली.

मग वळणामागून वळण. उत्तर कधी रागाने आलं, कधी दमून. एकदा तर हसू दाबल्यासारखं वाटलं, पण धाकटीला दिसत होती ती नुसती पाठ.

मध्यावरच्या बाकावर दोघी टेकल्या. निघताना धाकटी बाजूला सरली. "आपा, तू हो पुढे."

आपा जागची हलली नाही. तिने धाकटीलाच पुढे जायची खूण केली. पुढे चालणारीला कसला सलाम करायला मिळतोय? धाकटी जड पावलांनी निघाली, पहिलं वळण वळली.

मागून चपलांची फटफट जवळ आली.

"थांब गं जरा. अस्सलामु अलैकुम."